गाऱ्हाणं माझ्या नावानं

परवा सकाळच्या गाडीने आम्ही कोल्हापूरला निघणार आहोत. बॅग भरून दाराशी ठेवली आहे आणि आज दिवसभरात मी ती तीनदा उघडून बघितली. फाइल आहे, आधार कार्डं आहेत, मानसीची शाल आहे. मानसी म्हणते, "चौथ्यांदा उघडलीत तर कुलूप लावीन." पण मला राहवत नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात आमचे तीन गर्भ गोठवून ठेवलेले आहेत. त्यातला एक या आठवड्यात मानसीच्या पोटात सोडणार. तांदळाच्या कणीहून लहान असतो म्हणे. एवढ्याशा वस्तूसाठी सदतीस वर्षांच्या माणसाने सकाळपासून घरात येरझारा घालाव्यात, याचं मला स्वतःलाच हसू येतंय.

मी संतोष. रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात बॉयलर चालवायचो. आता डब्यांना लेबलं लावतो, त्याचं कारण पुढे येईलच. लिहायला बसलो, कारण गेल्या वर्षी मला असं काहीतरी वाचायला हवं होतं आणि ते मिळालं नाही. बायकांसाठी पुष्कळ सापडलं. पुरुषाने, आपल्या बाजूच्या माणसाने लिहिलेलं एक पान नाही. जे सापडलं त्यात शेवटी कुणालातरी मला कसलीतरी पावडर विकायची होती.

पाकिटातला कागद

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. मानसी अलोऱ्याची. तिचे वडील कोयना प्रकल्पात होते, ती तिथल्या कॉलनीत वाढली. आता इथे एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. आम्ही रत्नागिरीत भाड्याने राहतो आणि आई गावी, पाऊण तासावर. वडील नाहीत.

मानसीला दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा सातव्या आठवड्याच्या आसपास सगळं थांबलं. पहिल्या वेळी तिने पपई खाल्ली असणार, असं ठरलं. दुसऱ्या वेळी स्कूटरचं निमित्त सापडलं. मग तिच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्त, थायरॉइड, नळ्यांत औषध सोडून काढलेला फोटो. तो फोटो काढताना तिने माझा हात इतका आवळला होता की नखं रुतली. माझी तपासणी एकच झाली. बीजांची संख्या चांगली, हालचाल चांगली, खाली शिक्का आणि सही.

तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवला. कुणाला दाखवायला नाही, नुसता असावा म्हणून. एकदा मात्र आईला दाखवला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने तो कपाळाला लावला, देवासमोर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वाडीभर सांगून आली, "आमच्या संत्याचं सगळं बराबर हाय." याचा दुसरा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. मला तो अर्थ तेव्हाही कळत होता. मी गप्प बसलो, कारण मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण हेच लिहायचं नसेल तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

शिमग्यात आमच्याकडे देवीची पालखी घरोघरी येते. अंगणात पाटावर पालखी बसवतात. गुरव हात जोडून त्या घराचं गाऱ्हाणं देवीपुढे मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ज्याच्यासाठी मागायचं त्याने हातात नारळ धरून पुढे उभं राहायचं. आमच्या घरी पाच वर्षं नारळ मानसीच्या हातात होता. गुरव म्हणायचा, "ह्या घरच्या सुनेच्या अंगात जो काय दोष असंल, जी काय बाधा असंल, ती दूर कर रे म्हाराजा." सगळे म्हणायचे, "व्हय म्हाराजा." मीसुद्धा म्हणायचो, चांगलं खणखणीत.

मे महिन्यातली दुपार

गेल्या मे महिन्यात, ऐन हंगामात अर्धा दिवस रजा काढून आम्ही रत्नागिरीतल्या एका नव्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. सवयीप्रमाणे मी मागच्या खुर्चीवर बसलो आणि भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत राहिलो. मॅडमनी फाइल वाचली, मिटली आणि म्हणाल्या, "आता जरा यांच्याबद्दल बोलू. पुढे या." सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पुढच्या खुर्चीवर बोलावलं होतं.

मी पाकीट काढून कागद दाखवला. "हे ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण यात बाहेरचं कळतं, आतलं नाही. आतलं बघायची वेगळी तपासणी आहे. नमुना मुंबईला जातो."

आठवडाभराने उत्तर आलं. बीजं भरपूर आहेत, पोहतात छान, पण त्यांच्या आत आईबापाकडून मुलाकडे जाणाऱ्या माहितीचा जो धागा असतो, तो माझ्या जवळजवळ निम्म्या बीजांत तुटका आहे. अशा बीजाने गर्भ राहू शकतो, काही आठवडे वाढूही शकतो आणि मग थांबतो. "तुमचे दोन्ही गर्भ त्यामुळेच गेले असं छातीठोकपणे नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या, "पण शक्यता मोठी आहे."

मला ते पटकन कळलं. कारखान्यात डबा वरून चकाचक दिसतो, पण शिवणीत केसाएवढी फट राहिली तर महिन्याभराने फुगतो. मी इतकी वर्षं चकाचक डबा पाकिटात घेऊन हिंडत होतो.

मॅडमनी काम विचारलं. मी बॉयलर म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. तंबाखू विचारली, मी खरं सांगितलं. मग तपासून म्हणाल्या की खाली डाव्या बाजूच्या शिराही फुगलेल्या आहेत, छोटं ऑपरेशन करावं लागेल. उष्णता, तंबाखू, शिरा, तिन्ही गोष्टी. "पण ऐका," त्या म्हणाल्या, "बीज सतत नवं बनत असतं. साधारण तीन महिन्यांनी सगळा माल नवा. म्हणजे सुधारायला जागा आहे." माल हा शब्द त्या माझ्यासाठी मुद्दाम वापरत होत्या. मला त्या क्षणी फार आवडल्या.

बाहेर आलो. घरी न जाता मी स्कूटर आरे-वारेच्या रस्त्याला घातली. वारेला सुरूच्या झाडाखाली बसलो. मानसी समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी नाही?"

"नाही," मी म्हटलं.

ती रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. पाच वर्षांत तिला एवढं मोकळं हसताना मी बघितलं नव्हतं. आणि मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "तुला आनंद झालाय." ती म्हणाली, "हो. झालाय. खोटं कशाला बोलू?" आज वाटतं, तो आनंद तिच्या हक्काचा होता. तो तिला मी द्यायला हवा होता, तो मुंबईहून आलेल्या कागदाने दिला.

घरी पोचल्यावर तिने एवढंच विचारलं, "आईंना कधी सांगणार?"

"रिपोर्ट जरा सुधारू दे," मी म्हटलं.

हर्निया

जूनमध्ये ऑपरेशन झालं. एका रात्रीचा मुक्काम. भीती वाटत होती, पण भुलीची नाही. वॉर्डात कुणी ओळखीचं भेटेल आणि काय झालं म्हणून विचारेल, याची वाटत होती. तिथल्या सिस्टर मात्र सोन्यासारख्या. पडदा ओढताना मोठ्याने म्हणाल्या, "पोटाचा पेशंट आहे, कुणी येऊ नका." मी तोंड फिरवून घेतलं.

आईला मी हर्निया सांगितला. आई आली, उशाशी बसली आणि मानसीकडे बघून म्हणाली, "सिलिंडर ह्याला उचलाय लावलान असंल." मानसी चहाचा कप धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले, जणू औषधाची गुंगी आहे.

बाकी सगळं मी मन लावून केलं. कारखान्याच्या शेटना पाठदुखी सांगून बॉयलर सोडला आणि लेबलिंगला गेलो. पगार थोडा घटला, थंड पंखा मिळाला. तंबाखूच्या जागी गालात आमसूल धरायला लागलो. माझ्या सगळ्या शर्टांचे खिसे आतून जांभळे आहेत. रोज संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जायचो. मानसी चालताना भराभरा बोलते, घरी बोलत नाही तेवढं. आजारपणाने आम्हाला दिलेलं सुख कुठलं, तर हे.

अडतीस दिवस

आता माझा मूर्खपणा. हा फक्त आमच्याच घरात होऊ शकतो.

श्रावणाच्या तोंडावर आई आमच्याकडे राहायला आली. देवीला नवस बोलून आली होती. सव्वा महिना नवरा-बायकोने वेगळं झोपायचं, पाळणूक कडक, मग देवी पदरात घालते. आई आणि मानसी आतल्या खोलीत, मी बाहेर सतरंजीवर. मुलासाठी केलेला नवस आणि अट ही. मानसीने मला डोळ्यांनी खूण केली, काहीतरी बोला. मी बोललो नाही, कारण मनातून मला ते पटलं होतं. बॉयलरवाल्याचं डोकं. म्हटलं, साठू दे. जितकं साठेल तितकं प्रेशर चांगलं येईल. नवस संपला त्याच दिवशी मी ऐटीत जाऊन नमुना देऊन आलो.

रिपोर्ट जवळजवळ पहिल्यासारखाच वाईट. मॅडम बुचकळ्यात पडल्या. "किती दिवसांच्या अंतराने दिलात?"

"अडतीस."

"तास?"

"दिवस."

मॅडमनी चष्मा काढला. मी नवसाचं सगळं सांगितलं. त्या आधी हसू दाबत होत्या, मग त्यांनी तो नाद सोडला. मानसीही हसायला लागली. शेवटी मीपण. मॅडमनी डोळे पुसत सांगितलं की साठलेलं बीज जुनं होतं आणि आत बसून आणखी तुटतं. एक-दोन दिवसांचंच अंतर हवं. "आईंचा नवस आता आठवडाभर उलटा करा," त्या म्हणाल्या. आई त्याच दुपारच्या एसटीने गावी गेली हे किती बरं झालं, ते मी इथे लिहीत नाही.

फोन

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासणी केली. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी कारखान्यात होतो. उघडायला धीर होईना. बॉयलरपाशी गेलो, प्रेशरच्या काट्याकडे बघत उभा राहिलो आणि मग उघडला. तुटक्यांचं प्रमाण पहिल्याच्या निम्म्याहून खाली आलं होतं. चांगलं नाही, पण चालण्यासारखं. मी तिथेच उडी मारली. नव्या बॉयलरवाल्याला वाटलं काहीतरी फुटलं. तो झडपेकडे धावला.

जानेवारीत कोल्हापूर. मानसीला दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, तिचं पोट निळं पडलेलं. दोष माझा आणि सुया तिला, हे मी रोज बघत होतो. अंडी बाहेर काढून एकेका अंड्यात सुईने एकेक बीज सोडतात. मग दवाखान्यातून फोन येतो. पहिला फोन: आठ अंडी. दुसरा: सहा रुजली. मग चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी मी लेबलं लावत असताना तिसरा फोन आला, तीन गर्भ चांगले, गोठवले. मी "हो मॅडम, थँक्यू मॅडम" म्हणत राहिलो आणि फोन ठेवल्यावर बघितलं, तर चाळीसएक डब्यांना लेबलं उलटी लागली होती. शेटनी विचारलं, "पाठ कशी आहे?" मी म्हटलं, "एकदम मस्त."

त्या संध्याकाळी मी मानसीला म्हटलं, "आता सगळं सुरळीत होतंय. आता आईला सांगायची काय गरज? मूल झालं की सगळे आपोआप विसरतील."

ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "मी कोल्हापूरला येईन. सुया टोचून घेईन. पण शिमग्याला गावी येणार नाही. नारळ धरून मी पुन्हा उभी राहणार नाही."

"एवढंसं उभं राहायचं..."

"मूल नाही झालं तरी मी जगेन," ती म्हणाली. "पण झालं, तर ते दोष असलेल्या बाईला देवीने दिलं म्हणतील. माझं नाव आधी मोकळं करा."

ती ओरडली नाही. तिने पुन्हा भाजी चिरायला घेतली. मी इतके महिने रिपोर्ट सुधारत होतो, मी स्वतः जिथल्या तिथेच होतो.

अंगणात

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "या वर्षी ये. नारळ मी धरतो." तिचा विश्वास बसला नाही, पण आली.

आईला सकाळीच सांगायचं असं ठरवून गेलो होतो. सकाळी आई पुरणपोळ्यांत होती. मग शेजारीण आली. मग ढोल ऐकू आले आणि पालखी आमच्या पायऱ्यांशी आली. माझं हे असंच होतं. आईने पालखीपुढे पाणी घातलं, ओवाळलं आणि सवयीने नारळ उचलून मानसीच्या हातात दिला. मानसीने माझ्याकडे बघितलं आणि पुढे जाऊन उभी राहिली. अंगणात तीस-चाळीस माणसं. गुरवाने हात जोडले.

"बा म्हाराजा, आज तुझी पालखी ह्या घरच्या अंगणात आली हाय..."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरच्या सुनेच्या अंगात जो काय दोष..."

"थांबा," मी म्हटलं.

गाऱ्हाण्यात कुणी मध्ये बोलत नाही. गुरवाचे हात तसेच जोडलेले राहिले. तोंड उघडलं होतं, आता मिटून काय उपयोग. मी म्हटलं, "तिच्या अंगात दोष नाही. माझ्या आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. दोन वेळा गेलं ते बहुतेक माझ्यामुळे. जूनमधलं ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं, त्याचंच होतं. गाऱ्हाणं माझ्या नावानं घाला."

एका ढोलवाल्याने टिपरी खाली केली. मी आईकडे बघितलं नाही. हिंमत नव्हती.

गुरव म्हातारा माणूस. त्याने माझ्याकडे बघितलं, मानसीकडे बघितलं, घसा खाकरला आणि पुन्हा हात जोडले.

"बा म्हाराजा, ह्या घरच्या मुलग्याच्या अंगात जो काय दोष हाय, तो तू पदरात घे, त्याच्या इलाजाला यश दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आवाज विरळ आला.

गुरव थांबला नाही. "आणि ह्या घरच्या सुनेला नसता बोल लागला. आमच्या तोंडानं लागला, माझ्या तोंडानं लागला. तो आज हयसर तुझ्या पायाशी पुसून टाक रे म्हाराजा."

मी कान देऊन ऐकत होतो. तीस-चाळीस माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली, आणि त्यांचं म्हणून झाल्यावर, एकटा, मागून, आईचा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

ती पुढे आली. तिने मानसीच्या हातातून नारळ काढून माझ्या हातात दिला. "धर. तुझा हाय," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. पडवीतली प्लास्टिकची खुर्ची ओढत ओढत अंगणात आणली आणि पालखीसमोर ठेवली.

पालखी अंगणात असताना आमच्याकडे कुणी बसत नाही. वयस्कर माणसं काठी टेकून उभी राहतात.

"बस गो बाय," आई मानसीला म्हणाली. "पाच वर्सं हुबी हायस. देवी काय बोलायची नाय."

मानसीने माझ्याकडे बघितलं नाही, गुरवाकडे बघितलं नाही. पदर सावरला आणि सगळ्या गावासमोर खुर्चीवर बसली.